मिसनी विचारलेला प्रश्न

नोकरीसाठी मी नागपूरहून झाशीला आले तेव्हा कंपनीचं क्वार्टर मिळत होतं. पण मामी नुकत्याच गेल्या होत्या आणि मामा त्या घरात एकटेच होते, म्हणून मी त्यांच्याकडे राहिले. मामा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घराणं गुरसरायकडचं, पिढ्यान्‌पिढ्या बुंदेलखंडात काढलेलं. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली की रागावले की ते सरळ हिंदीतच जायचे. मला ‘बेटा’ म्हणायचे. माझं नागपुरी मराठी ऐकून त्यांना हसू यायचं आणि त्यांचं ऐकून मला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ओरछा गेटजवळच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मामांची बैठक भरे. विषय कायमचा एकच, चमत्कारांमागचं विज्ञान. हवेतून अंगारा काढणारे बाबा, लिंबातून रक्त काढणारे ओझा म्हणजे मांत्रिक, पत्रिका, ग्रहशांती. मामा आधी तो चमत्कार स्वतः करून दाखवत, लोकांना चकित होऊ देत, आणि मग तो कसा केला ते सांगत. नकला तर ते फार सुंदर करत. एका प्रसिद्ध बाबांची नक्कल केली तेव्हा त्यांच्या स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडने फाडली होती. मामांनी सीट शिवून घेतली आणि पुढच्या महिन्यात तीच नक्कल पुन्हा केली. त्यामुळे त्यांना भित्रं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बैठकीला ठरलेली माणसं यायची. त्यांतल्या दोघांबद्दल आधीच सांगते. एक मिस. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या आणि मामी बरोबर शिकवायच्या. ख्रिश्चन, सत्तरीच्या होत्या, सुती साडीला कडक इस्त्री, खांद्यावर पिन. सगळं गाव त्यांना मिस म्हणायचं, म्हणून आम्हीही. दुसरे वकीलसाहेब. दिवाणी कोर्टात आयुष्य काढलेले, मामांचे कॉलेजपासूनचे दोस्त, मुसलमान, आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांची. बैठकीतलं सगळं बोलणं हिंदीतच व्हायचं. मी ते इथे बहुतेक मराठीत लिहिते आहे.

होळीच्या आसपासची बैठक होती. मामांनी विषय घेतला होता प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्या सभांचा. एका पाद्र्याची त्यांनी नक्कल केली. एका हातात माइक धरल्यासारखा, दुसरा हात हवेत, डोळे मिटलेले, आणि मग एकदम, ‘उठ बेटी, कुबडी फेंक दे.’ कोपऱ्यातली छत्री कुबडीसारखी बगलेत धरून ते लंगडत आले आणि छत्री फेकून नाचायला लागले. हॉल हसून हसून लोटपोट झाला. मीही हसले. मिसही आधी हसल्या. मग बाकीचे हसत राहिले आणि त्या थांबल्या, हे मी पाहिलं, कारण मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

शेवटी मामा म्हणाले की हीच युक्ती आपले बाबाही करतात, फक्त माइकऐवजी चिमटा असतो. त्यावरही लोक हसले. मग प्रश्न विचारायची वेळ झाली.

मिस उभ्या राहिल्या. ‘सर, अगले महीने मौलवी साहब की भी ऐसी ही नकल उतारेंगे?’

त्यांचा आवाज शांत होता. वर्गात मुलीला शेवटचा प्रश्न विचारावा तसा.

मामा हसले. म्हणाले, ‘तो विषय जरा वेगळा आहे.’

‘कसा वेगळा?’

मामांनी चष्मा काढून पुसला. ‘काळ कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, मिस. त्या समाजावर आधीच इतकं...’

‘आणि आमच्यावर?’

 लोक मामांकडे बघत होते, मिसकडे बघत होते, आणि खिडकीकडे अजिबात बघत नव्हते. इतक्या काळजीपूर्वक बघत नव्हते की शेवटी वकीलसाहेबच कोर्टातल्या कलमांच्या भाषेत म्हणाले, ‘अरे भाई, मेरी तरफ़ देखने में कोई दफ़ा नहीं लगती.’ थोडं हसणं झालं. कुणीतरी चहा आला म्हणालं. मिस चहा न घेता गेल्या.

त्या रात्री मामा जेवले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. मी ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

‘बेटा,’ ते म्हणाले, ‘मी मशिदीतल्या कुणाची नक्कल का नाही केली आजवर?’

‘तुम्हीच म्हणालात ना, काळ कसा आहे.’

‘ते मी तिथे म्हणालो. खरं काय आहे ते विचारतोय.’ मग स्वतःच म्हणाले, ‘दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक, सकाळ-संध्याकाळ त्यांना शिव्या घालणारे इतके आहेत की त्यात मला माझा आवाज मिसळायचा नाही. दुसरं, भीती वाटते. आता यातलं पहिलं कारण आधी सुचलं की दुसरं, हे मला सांगता येत नाही. आणि मिसच्या लोकांची नक्कल करताना मला यातलं एकही आठवलं नाही. ते काही करणार नाहीत, हे धरूनच चाललो.’

मामींच्या शेवटच्या दिवसांत मिस रोज दुपारी येऊन पलंगाशी बसत. हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटत. मामा नास्तिक, पण त्या आल्या की खोलीबाहेर जात आणि दार हळूच लोटून घेत. ही गोष्ट मला आईने सांगितली होती. मामांनी त्या रात्री ती काढली नाही, मीही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की पुढची बैठक इस्लामवर. तावीज, झाडफूंक, दर्ग्यावरचे चमत्कार, आणि त्याच्याही पुढचं. धर्म सोडणाऱ्याचं काय, बाईच्या साक्षीचं काय, प्रश्न विचारणाऱ्याचं काय. ‘नक्कल नाही करणार,’ म्हणाले, ‘पण मऊही बोलणार नाही.’ वाचनालयाच्या फळ्यावर विषय लिहून आले.

त्याच आठवड्यात कंपनीच्या कँटीनमध्ये माझ्या विभागातल्या एका पुण्याच्या सहकाऱ्याने फोन पुढे केला. ‘हे तुझे मामा ना? कमाल माणूस आहे.’

आमचा मराठी कर्मचाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. गणपतीची वर्गणी, पुरणपोळीची ऑर्डर, आणि रोज सकाळी फुलांच्या चित्राबरोबर मुसलमानांविषयी काहीतरी. मी तो म्यूट करून ठेवते. त्यात हा व्हिडिओ आला होता. मामांची छत्री, मामांचं लंगडणं, मामांचा नाच, तेवढंच. आपल्या बाबांचं आणि चिमट्याचं बोलणं कापलेलं. त्याजागी एक जाड आवाज सांगत होता की बघा, भोळ्या हिंदूंना हे लोक कसे फसवतात, स्वतः प्रोफेसर साहेब काय म्हणतात ते ऐका.

‘कुणी काढला हा?’ मी विचारलं.

‘काय माहीत. गावभर फिरतोय.’ तो हसत होता. ‘पण आता पुढचं लेक्चर ऐकायला मीही येणार. तोच खरा विषय.’

मी इथे आल्यापासूनच्या चार वर्षांत तो एकदाही बैठकीला आला नव्हता. माझ्यासमोर डबा उघडा होता. मी भाजी चिवडत राहिले.

व्हिडिओ कुणी काढला ते दोन दिवसांनी समजलं, कारण तो माणूस स्वतःच घरी आला. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरा शुभ्र कुर्ता, चाळिशीचा. बैठकीत तो पुढच्या रांगेत बसायचा आणि मी त्याला बँकेतला कुणी समजत होते. बरोबर दोघेजण होते, ते दारातच उभे राहिले. त्याने मामांच्या पायांना हात लावला, पेढ्यांचा डबा तिपाईवर ठेवला.

‘सर, ती वाचनालयाची खोली फार लहान पडेल. आम्ही मोठा हॉल बघितला आहे. खुर्च्या, माइक, कूलर, सगळं आमच्याकडे. आपण फक्त बोलायचं.’

‘माझी बैठक आहे ती,’ मामा म्हणाले. ‘मला मोठा हॉल नको.’

‘आपकी ही है, सर. पण ऐकणारे खूप आहेत आता. तो वाला वीडियो बहुत चला.’

‘माझ्या बोलण्यातला अर्धा भाग का कापला?’

तो नम्रपणे हसला. ‘लोकांना वेळ नसतो, सर. काम की बात रख ली.’

मामांनी पेढ्यांचा डबा उचलून त्याच्या हातात परत दिला. त्याने तो घेतला, चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता. जाताना त्याची नजर आमच्या ओसरीवरून, जिन्यावरून, माझ्या स्कूटीवरून सावकाश फिरली. घर विकत घ्यायला आलेला माणूस बघतो तशी.

मग फोन सुरू झाले. पहिला मीच उचलला, दुपारच्या वेळी. सुट्टी होती, बाहेर लू वाहत होती, खिडक्यांना ओले पडदे लावले होते. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. मास्टर साहेबांची तब्येत कशी आहे? उन्हाळ्यात जपायला सांगा. संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूला फिरायला जातात ना, एकटेच? कोण बोलतंय विचारलं तर म्हणाला, ‘ख़ैरख़्वाह समझ लीजिए,’ आणि फोन ठेवला.

हितचिंतक. पण कुणाकडचा? लेक्चर होऊ नये असं वाटणारा की ते आपल्या हॉलमध्ये व्हावं असं वाटणारा? मी तो आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकला आणि मला सांगता आलं नाही. असे आणखी फोन आले. एकदा कुणी बोललंच नाही, फक्त पाठीमागे एखाद्या दुकानातल्यासारखी वर्दळ ऐकू येत राहिली. मामांनी फिरायला जायचं सोडलं नाही. मी ऑफिसातून लवकर निघून त्यांच्याबरोबर जायला लागले, आणि ते का, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

वाचनालयाच्या सेक्रेटरींनी खोलीला कुलूप लावलं. छताची दुरुस्ती आहे म्हणाले.

वकीलसाहेब एके संध्याकाळी आले. मामांसमोर बसले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

‘तुलाही पाठवलं का कुणी, मला बोलू नको म्हणून सांगायला?’ मामांनी विचारलं.

‘दोघे आले होते माझ्या घरी. आमच्या मोहल्ल्यातलेच. म्हणाले, तुमच्या दोस्ताला समजवा. मी म्हटलं, माझा दोस्त माझ्या बापाचंही ऐकत नव्हता.’ मग ते पुढे झुकले. ‘पण मी त्याच्यासाठी आलो नाही. एक गोष्ट सांगायला आलोय. माझ्या धर्माबद्दल माझ्यासमोर दोनच प्रकारची माणसं बोलत आली. एक, जी काहीच बोलत नाहीत. विषय निघाला की चहा मागवतात. दुसरी, जी शिव्या देतात, तीही बहुतेक पाठीमागे. या दोघांच्या मधलं कुणी, माझ्यासमोर बसून, माझ्याशी बरोबरीने भांडलं आहे, असं आजवर झालेलं नाही. तुम भी नहीं लड़े. आमच्या मौलवींशी माझी स्वतःची भांडणं झाली आहेत. त्याची किंमत मी घरात मोजली आहे. मला वाटायचं, कधीतरी तू विचारशील.’

मामा खाली बघत होते. ‘आता विचारणार होतोच.’

‘विचार. पण त्या हॉलमध्ये नाही. त्यांच्या खुर्च्यांवर बसलेले लोक तुझे प्रश्न ऐकायला येणार नाहीत. तू थांबशील तिथून ते सुरू करतील.’

मामांनी विचार करतो म्हटलं. पण ते ठरवायची वेळच आली नाही, पुढच्या रविवारी भलतंच घडलं.

छावणीच्या मागच्या बाजूला मिसचं छोटं घर आहे. रविवारी दुपारी तिथे त्यांचे चार-दोन नातेवाईक, शेजारचे काही लोक प्रार्थनेला बसत. शेजारची एक हिंदू बाईही बसायची. तिचे गुडघे दुखायचे, आणि मिसकडे गाणी असत, सरबत मिळे. त्या रविवारी गाणं चालू असताना दार ढकलून पंधरा-वीस माणसं आत आली. सगळ्यांच्या हातात फोन, सगळे शूटिंग करत होते. एकाने आपला फोन उंच धरून आवाज वाढवला, आणि त्या खोलीत मामांचा आवाज घुमला. ‘उठ बेटी, कुबडी फेंक दे.’ त्या शेजारणीला विचारलं गेलं, तुला काय आमिष दाखवलं. ती रडायला लागली. मग पोलीस आले आणि सगळ्यांना घेऊन गेले.

हे आम्हाला वकीलसाहेबांच्या फोनवरून समजलं. तिथे जाताना मामा स्कूटीवर माझ्या मागे बसले होते. 

ठाण्यात मिस एका बाकावर ताठ बसल्या होत्या. साडीची पिन निघालेली होती आणि पदर त्यांनी हाताने धरून ठेवला होता. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली, जशी त्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांना बघून हलवत असतील. ठाण्यातला मोठा साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, तक्रार आली की विचारपूस करावी लागते, धर्मांतराचा मामला आहे.

मामा टेबलासमोर उभे राहिले. ‘त्या व्हिडिओतला माणूस मी आहे. मी लबाड लोकांबद्दल बोललो होतो. या बाईंबद्दल नाही. माझी बायको मरत होती तेव्हा यांनी तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली. तिला त्यांनी ख्रिश्चन केलं नाही. तिला झोप लागली, एवढंच.’

खोलीच्या कोपऱ्यातून तो सोनेरी चष्मेवाला पुढे आला. तो तिथे आहे हे आम्हाला दिसलंच नव्हतं. सर्वांदेखत त्याने मामांच्या पायांना पुन्हा हात लावला.

‘सर भावुक झाले आहेत,’ तो साहेबांना म्हणाला. ‘पण आमचे डोळे यांनीच उघडले.’

मामांचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो त्यांनी काढून घेतला.  शब्द तर त्यांचेच होते.

वकीलसाहेब काळा कोट घालून आले. मिससाठी त्यांनीच कागदांवर सह्या केल्या, जामिनाचं बघितलं. सूर्य मावळायच्या सुमारास मिसना घरी जाऊ दिलं. बाहेर पडताना चष्मेवाल्याने दार उघडून धरलं आणि आदराने म्हणाला, ‘अच्छा, वकील साहब भी साथ हैं.’ एवढंच. वकीलसाहेबांनी त्याला सलाम केला. पण नंतर गाडीत बसताना ते म्हणाले की उद्यापासून मुलाला शाळेत सोडायला मी स्वतः जाईन. मुलाला म्हणजे नातवाला.

मामा आणि मी मिसच्या घरी गेलो ते आठवड्याने. अंगणातली झाडं वाळली होती. शेजारच्या घराची या बाजूची खिडकी बंद होती. त्या शेजारणीने पोलिसांना लिहून दिलं होतं की मिसनी मला बरं करण्याचं वचन दिलं होतं. तिच्यावर मिस रागावल्या नव्हत्या. तिला त्याच गल्लीत राहायचं आहे, म्हणाल्या.

मामांनी हात जोडले. ‘मिस, मी ते लेक्चर करणार आहे. तुम्ही विचारलं होतं ना. घरातच करणार, मोजक्या लोकांत. तुम्ही यावं.’

मिसनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

‘सर, आपको क्या लगा, मैं यह चाहती थी कि आप उनको भी मारें?’

मामांनी ग्लास उचलला नाही.

‘मी एवढंच विचारलं होतं की आम्हीच का. आमच्यावर हसायला तुम्हाला एक रात्रसुद्धा विचार करावा लागला नाही. त्यांच्यासाठी तुम्ही महिनाभर विचार केलात. भीतीने केला असेल, प्रेमाने केला असेल. पण केलात. हिम्मत बराबर रखते, या लिहाज़-मुलाहिज़ा बराबर रखते. दोनों में से कोई एक.’

‘चुकलं माझं,’ मामा म्हणाले.

‘माहीत आहे,’ मिस म्हणाल्या. कडवट नव्हत्या, पण त्यांना तो विषय पुढे न्यायचा नव्हता. ‘लेक्चर करा. मी नाही येणार. आता कुणाच्या घरी चार माणसांत बसायचं म्हटलं की माझं लक्ष दाराकडे असतं.’

त्या पावसाळ्यात त्या जबलपूरला पुतण्याकडे गेल्या. कोर्टाच्या तारखांना येतात. येतात तेव्हा आमच्याकडे उतरत नाहीत.

मामांनी लेक्चर केलं. आमच्या बैठकीच्या खोलीत, बैठकीतली जुनी, भरवशाची सात-आठ माणसं होती. सगळ्यांचे फोन मी स्वतः गोळा करून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवले. खिडक्या लावून घेतल्या, उकाड्याने सगळे घामाघूम. मामा खुर्चीत बसून बोलले. हातवारे नाहीत, आवाज बदलणं नाही. आणि वकीलसाहेब त्यांच्यासमोर बसून प्रत्येक मुद्द्याला भिडले. कुठे म्हणाले, हे खरं आहे आणि मला याची लाज वाटते. कुठे म्हणाले, हे तू वाचलेलं नाहीस, ऐकलेलं आहेस. एकदा आवाज इतका चढला की मी दाराशी जाऊन बाहेर बघून आले. धर्म सोडायच्या हक्कावर दोघे अर्धा तास भांडले आणि कुणीही मागे हटलं नाही. शेवटी वकीलसाहेबांनी रुमालाने मान पुसली. ‘चालीस साल लगा दिए तुमने,’ म्हणाले. मामा हसले. होळीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला वाटलं, निदान एवढं तरी नीट झालं.

पुढच्या गुरुवारी मी सीपरी बाजारात भाजी घेत होते. शेजारी कुणीतरी दोडके निवडत होतं. ‘नमस्ते दीदी,’ ऐकू आलं. वर बघितलं तर सोनेरी चष्मा.

‘सरांनी छान मांडलं असं ऐकलं,’ तो म्हणाला. ‘वकीलसाहेबांनी मात्र त्या धर्म सोडण्याच्या प्रश्नावर सरांना बरंच अडवलं, नाही का? अर्धा घंटा.’ त्याने दोडका वाकवून बघितला आणि पिशवीत टाकला. ‘पुढच्या वेळी आम्हालाही बोलवा. फोन बाहर रख देंगे.’

माझ्या हातातली पिशवी ओली होती एवढंच मला आठवतं. घरी कशी आले ते आठवत नाही. वाटेत मी एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणत होते. वाचनालयाचे माजी ग्रंथपाल. रेल्वेतले ते दोघे भाऊ. मामींच्या वर्गातली एक मुलगी, आता स्वतः शिक्षिका. ज्यांना मी इतकी वर्षं चहा दिला ती माणसं. त्यांच्यातल्या कुणीतरी जाऊन सांगितलं होतं. भीतीपोटी, की विश्वासाने, की सहज गप्पा मारताना, मला आजही माहीत नाही. मामांपासून लपवावं असं मनात आलं, पण ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात. सांगितलं.

ते ऐकून त्यांनी पंखा कमी केला, पुन्हा वाढवला. मग म्हणाले, ‘वकिलाला सांगू नकोस.’

‘का?’

‘तो येणं बंद करेल. माझ्यासाठी.’

वकीलसाहेबांना कुणीतरी सांगितलंच असणार, कारण पुढच्या रविवारी आल्यावर त्यांनी मला स्वतःहून फोन काढून दिला आणि खिडकीजवळ न बसता आतल्या भिंतीजवळ बसले. बाकी कुणी आलं नाही. आम्ही बोलावलंही नव्हतं.

अजून वकीलसाहेब येतात. दोघे बोलतात, भांडतात, चहा होतो. ओरछा गेटजवळची खोली उघडली आहे, तिथे आता योगाचे वर्ग असतात. यंदा होळीच्या दिवसांत तो छत्रीचा व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला आणि आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी खाली टाळ्यांची चित्रं टाकली. मी ग्रुप सोडला, तर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळे आपुलकीने विचारत होते, काय झालं, कुणी काही बोललं का.

मामा बोलताना मध्येच थांबतात हल्ली. पूर्वी त्यांचं वाक्य एका दमात यायचं. आता अर्ध्यावर येऊन ते क्षणभर दाराकडे बघतात, मग पुढचे शब्द येतात. जे शब्द येणार होते तेच येतात की दुसरे, हे मी त्यांना विचारलेलं नाही.